सोपारा ते सिलोन, व्हाया विरार

नालासोपाऱ्याच्या माणसाला परदेशाचं अप्रूप वाटणं इतिहासाला धरून नाही. आज आमची ओळख ‘विरारच्या अलीकडचं स्टेशन’ एवढीच उरली असली, तरी एके काळी परदेशच उठून आमच्याकडे यायचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात बंदरांच्या यादीत आमचं सोपारा आहे. टॉलेमीच्या भूगोलातही आहे. विरार दोन्हीकडे नाही. त्या काळच्या एखाद्या ग्रीक व्यापाऱ्याला विरार कुठे म्हणून विचारलं असतं, तर त्याने ‘सोपाऱ्याच्या पलीकडे असेल काहीतरी’ असंच सांगितलं असतं.

आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांपैकी सगळ्यांत नामांकित म्हणजे राजपुत्र विजय. श्रीलंकेच्या ‘महावंस’ या पाली ग्रंथात त्याची गोष्ट आहे. विजय आणि त्याचे सातशे साथीदार यांनी घरी इतका उच्छाद मांडला की राजाने, म्हणजे त्याच्या बापानेच, सगळ्यांची अर्धी डोकी भादरली, त्यांना जहाजात बसवलं आणि समुद्रात सोडून दिलं. ते जहाज लागलं सोपाऱ्याला. ‘दीपवंस’ त्याहून जुना. तो म्हणतो, सोपारकरांनी त्यांचं स्वागत केलं, पाहुणचार केला. दारात अर्धं डोकं भादरलेले सातशे तरणे पोरगे उभे, आणि तरी आमच्या पूर्वजांनी पानं मांडली! आज असा एक जण जरी आला तरी आम्ही आधी आधार कार्ड मागू, मग पोलीस व्हेरिफिकेशन, मग तीन महिन्यांचं डिपॉझिट. पाहुण्यांनी मात्र दारू, चोऱ्या, मारामाऱ्या असा आपला मूळ कार्यक्रम सुरू केला. सोपारकर खवळले आणि विजयाला पुन्हा जहाजात बसावं लागलं. तिथून तो लंकेला पोचला आणि थेट राजा झाला. नालासोपाऱ्यात जम बसला नाही म्हणून दुसरीकडे गेला आणि नशीब काढलं, असं आमच्या गावच्या इतिहासातलं हे बहुधा पहिलं उदाहरण. पुढे ती प्रथाच पडली.

त्यामुळे मुलीने श्रीलंकेची तिकिटं काढली तेव्हा मला ही सहल वाटलीच नाही. आपल्याकडून गेलेल्या माणसाचं पुढे काय झालं, याची चौकशी करायला गावाने कोणाला तरी पाठवायला थोडा उशीर केला होता, इतकंच.

आम्ही चौघं निघालो. मी, बायको, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि त्यांच्या मिसेस. सेक्रेटरी माळकरी माणूस. गळ्यात तुळशीची माळ आणि खिशात सोसायटीचा रबरी शिक्का, दोन्ही कायम. शिक्का परदेशात कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, “कुठे लागेल सांगता येत नाही.”

निघण्याच्या आदल्या रात्री मुलीने आम्हांला ओळीने सोफ्यावर बसवलं आणि ‘ओपन माइंड’ या विषयावर बौद्धिक घेतलं. नियम तीन. नाक मुरडायचं नाही. समोर येईल ते निदान एकदा चाखून बघायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ‘आपल्याकडे’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. “‘आपल्याकडे असं नसतं’, ‘आपल्याकडे याच्यापेक्षा भारी मिळतं’, ही सगळी वाक्यं बंद. बोललात की शंभर रुपये दंड.”

“इकडचे की तिकडचे?” सेक्रेटरींनी विचारलं. तिकडचे, असं ठरलं. आपल्या एका रुपयाला तिकडचे तीनाहून जास्त मिळतात हे कळल्यावर सेक्रेटरींच्या जरा जिवात जीव आला. दंडाच्या वसुलीसाठी बायकोची एकमताने निवड झाली. निवडणूक वगैरे भानगड नव्हतीच.

मुंबई ते कोलंबो विमानाला अडीच तासांच्या आसपास लागतात. नालासोपाऱ्याहून विमानतळावर पोचायला, वसई फाटा, घोडबंदरचा पूल, दहिसरचा टोलनाका असे मुक्काम करत, जवळजवळ तेवढाच वेळ लागला. कोलंबोला उतरल्याबरोबर मी मोठ्या हौसेने घड्याळ काढलं. परदेशात आल्यावर काटे फिरवायचे असतात हे ऐकून होतो. पण तिथे वेळ आपलीच. पैसे बदलले, तर हातात रुपयेच आले. रस्त्यावर गाड्या डाव्या बाजूने. समोर येऊन थांबली ती रिक्षा बजाजची, आणि भाडं सांगताना रिक्षावाल्याने आभाळाकडे बघितलं ते हुबेहूब आमच्या तुळींजच्या रिक्षावाल्यासारखं. मन सताड उघडं टाकून उंबऱ्यात पाहुण्यांची वाट बघत बसावं आणि येणारा प्रत्येक जण घरचाच निघावा, अशी आमची पंचाईत झाली.

सेक्रेटरी पहिल्याच तासात म्हणाले, “हे तर आपल्याकडच्यासारखंच आहे.” बायकोने हात पुढे केला. सेक्रेटरींनी हरकतीचा मुद्दा काढला : दंड ‘आपल्याकडे असं नसतं’ याला आहे, ‘आपल्याकडे असंच असतं’ याला नाही. प्रकरण फोनवरून मुलीकडे गेलं. तिचा निकाल आला, “शब्द आला की दंड. अर्थ बघायचा नाही.” तिकीट तपासनिसांची नोकरी तिला सहज मिळेल.

पहिला मुक्काम नेगोंबोला होता. विमानतळाजवळचं कोळ्यांचं गाव. वसईत पोर्तुगीज होते त्या काळात ते इथेही होते. आपल्याकडून त्यांना चिमाजी अप्पांनी १७३९ साली काढलं, इथून त्याआधीच डचांनी. जाताना दोन्हीकडे चर्चेस आणि आडनावं ठेवून गेले. दुकानांवर फर्नांडो, परेरा, सिल्वा अशा पाट्या, कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस, नारळीच्या वाड्या, मध्येच बँडचा आवाज. वसईच्या गास-भुईगावच्या रस्त्याने चाललो आहोत असं वाटत होतं, पण दंडाच्या धाकाने चौघंही गप्प.

किनाऱ्यावर मासळी वाळत घातली होती. आमच्या अर्नाळ्याला बोंबील बांबूंच्या मांडवावर टांगतात, इथे वाळूत काथ्याच्या चटया लांबलचक अंथरून त्यावर मासे पोटात चिरून उपडे-उताणे मांडले होते. बायका वाकून एकेक मासा उलटत होत्या. माझी बायको कणकवलीकडची. तिने चप्पल काढली, चटईच्या कडेला उकिडवी बसली, एक मासा उचलून वाकवून पाहिला, नाकाशी नेला, आणि मान हलवून खाली ठेवला. वाळवणारी बाई हसली आणि मागच्या चटईवरचा दुसरा काढून दिला. तो पास झाला. त्या दोघींमध्ये एकही शब्द झाला नव्हता, तरी भावसुद्धा ठरला. सेक्रेटरी तोंडावर उपरणं धरून दहा पावलांवर उभे होते, पण दुसऱ्या हाताने फोटो काढणं चालू होतं. “काय टेक्स्चर आहे!” उपरण्याच्या आतून आवाज आला. हा फोटो त्यांनी त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. ही नोंद वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला इंडिआप्पा आले. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवयांच्या पांढऱ्या चकत्या, सोबत नारळाच्या दुधाची पिवळी पातळ आमटी. बायको ओरडलीच, “अगो बाई, शिरवाळे! आपल्याकडे गोड रसातून खा...” एवढं बोलून ती थांबली, पर्स उघडली आणि स्वतःच्या उजव्या हातातून स्वतःच्या डाव्या हातात शंभर रुपये दिले. वसुलीत इतकी पारदर्शकता आमच्या भागात फार दिवसांत दिसली नव्हती.

सेक्रेटरींचा प्रश्न वेगळा होता. टेबलावर ओल्या खोबऱ्याची लालभडक चटणी होती, पोल सांबोल. त्यांनी वेटरला विचारलं, “फिश?”

“नो फिश, सर,” तो अगदी छातीवर हात ठेवून म्हणाला. “ओन्ली मालदीव फिश.”

सेक्रेटरींचा घास हवेत थांबला. मग उलगडा झाला. उंबलकड म्हणजे उकडून, धुरी देऊन, उन्हात लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवलेला ट्यूना. तो कुटून चिमूटभर टाकतात. तिथल्या स्वयंपाकघरात त्याची गणती मासळीत नाही, मसाल्यात होते. वेटरने फसवलं नव्हतं, खोटंही बोलला नव्हता. त्याच्या हिशोबाने ती चटणी शाकाहारीच होती. सेक्रेटरी बराच वेळ त्या वाटीकडे पाहत राहिले. देशाचं नाव पुढे लावलं की मासा मासा राहत नाही, हे तत्त्व त्यांना पटलं नाही, पण त्यांनी नाकही मुरडलं नाही. शांतपणे वाटी माझ्याकडे सरकवली. पुढचे सगळे दिवस त्यांनी वरण-भात, कोवळ्या फणसाची भाजी आणि मडक्यातलं म्हशीचं दही यांवर काढले. दह्यावर कितुलचा, म्हणजे भेरली माडाच्या नीरेचा, दाट पाक ओततात. तो चाखून त्यांनी डोळे मिटले. “हे एकादशीला चालेल,” असा ठराव केला. शिक्का तेवढा मारायचा राहिला.

अनोळखी म्हणावं असं पहिलं काही भेटलं ते कँडीत, आणि ते झेब्रा क्रॉसिंग निघालं. आम्ही चौघं रस्त्याच्या कडेला उभे होतो. ओलांडायचा विचार होता, पण घाई नव्हती. आचोळ्याच्या रस्त्यावर वाढलेल्या माणसाला रस्ता ओलांडायचा म्हणजे आधी गर्दी जमवावी लागते. तेवढ्यात समोरून भरधाव येणारी लाल बस पट्ट्यांच्या अलीकडे थांबली. आम्हीही थांबलेलेच. ड्रायव्हर आमच्याकडे बघतो, आम्ही ड्रायव्हरकडे. मी हाताने ‘जा, जा’ अशी खूण केली. त्याने ‘तुम्ही जा’ अशी केली. सेक्रेटरी कानात कुजबुजले, “ब्रेक फेल असेल.” बसच्या मागे रिक्षा, तिच्या मागे व्हॅन, सगळं थांबलं. कोणी हॉर्न वाजवीना. शेवटी बसमधली एक शाळकरी मुलगी खिडकीतून बाहेर वाकून हसायला लागली, तेव्हा आम्ही एकमेकांचे हात धरून, चारी बाजूंनी नमस्कार करत पलीकडे गेलो. मिसेस सेक्रेटरींना ते इतकं आवडलं की त्यांनी काही काम नसताना रस्ता परत ओलांडून पाहिला.

दळदा मालिगावात बुद्धाचा दात आहे. दात दिसत नाही, पूजेच्या वेळी दार उघडलं की दिसते ती मंजूषा, तीही ओझरती. खाली ढोल वाजत असतात, वर पांढऱ्या कपड्यांतली माणसं हातात कमळं घेऊन रांगेने सरकत असतात. इथे सेक्रेटरी एकदम घरच्यासारखे झाले. “पंढरपूरच्या मानाने ही काय रांग!” ते म्हणाले. बायकोने दंड मागितला. “मी ‘आपल्याकडे’ म्हणालोच नाही, ‘पंढरपूर’ म्हणालो.” नियमातली ही फट सापडल्यापासून आमचं बोलणं कमालीचं भौगोलिक झालं. ‘निर्मळच्या जत्रेत’, ‘वसईच्या बाजारात’, ‘चक्रेश्वराच्या तळ्यावर’ अशी गावांची यादीच सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. श्रीलंकेत दर पौर्णिमेला ‘पोया’ची सुट्टी असते, आणि त्या दिवशी देशभर दारूविक्री बंद, मांसाची दुकानंही बंद. मी तळ्याकाठी बसून थंड बिअर घेण्याचा बेत बऱ्याच दिवसांपासून मनात वाढवला होता. हॉटेलच्या माणसाने मला पपईचा रस आणून दिला. गटारीला वाढलेल्या माणसाला हे झेपायला वेळ लागतो. आमची अमावास्या ओली, त्यांची पौर्णिमा कोरडी. परदेशी येऊन, पैसे मोजून, सरकारी हुकमाने उपास घडला. सेक्रेटरी म्हणाले, “पुण्य मात्र तुमच्या खात्यावर जाणार नाही. हेतू पाहिला जातो.”

आता गाडीबद्दल. कँडीहून एल्ला नावाच्या गावाला डोंगरातून, चहाच्या मळ्यांतून एक गाडी जाते. जगभरातले लोक या गाडीसाठी येतात. कँडीला रेल्वे पोचली १८६७ साली. त्याच वर्षी १२ एप्रिलला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल सुटली. रुळांची रुंदीसुद्धा तीच, साडेपाच फूट. म्हणजे दोघी बरोबरीच्या. एकीचं नशीब निघालं, जगभरातून लोक तिचे फोटो काढायला येतात. दुसरीचे फोटो छापून येतात ते फक्त जुलैत, रूळ पाण्याखाली गेल्यावर.

या गाडीच्या फलाटावर उभं राहिल्यावर आमच्या अंगात वीज संचारली. गाडी दिसताच सेक्रेटरींनी धोतराचा सोगा खोचला. मी सॅक पुढे घेतली. बायकोने दोन बोटांनी इशारा केला : तू मागच्या दाराने, मी पुढच्या. नालासोपाऱ्याचा माणूस जागेसाठी काय करतो हे बाहेरच्यांना पटत नाही. चर्चगेटला जायचं असलं तर आम्ही आधी उलट्या दिशेने विरारला जातो, तिथे गाडीतून उतरतच नाही, आणि बसल्या जागी परत येतो. याला ‘रिटर्न मारणं’ म्हणतात. यावरून विरारकरांशी आमचं वैर आहे आणि ते पिढ्यानपिढ्या टिकेल अशी व्यवस्था दोन्ही बाजूंनी केली आहे. तर आम्ही तिघांनी गाडी थांबण्यापूर्वी डब्यात उड्या घेतल्या, तिसऱ्या वर्गाचे दोन बाक आडवे पडून अडवले, आणि मग वर पाहिलं तर डबा अर्धा रिकामा. लोक सावकाश चढत होते. मिसेस सेक्रेटरी सगळ्यांच्या शेवटी पाण्याची बाटली घेऊन आल्या आणि खिडकीशी बसल्या.

गाडी सुटली आणि डब्यातले परदेशी तरुण-तरुणी उठून दाराकडे गेले. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. आत बसायला जागा होती, आणि माणसं दारात लटकत होती. एकेक जण दांडा धरून बाहेर झुकायचा, दुसरा फोटो काढायचा, मग पाळी बदलायची. यासाठी ते विमानाने हजारो किलोमीटर आले होते. हे बघायला मात्र मन खरोखरच उघडं लागतं.

मलाही राहवेना. समोरचं दार मोकळं होतं. उजवा पाय आत घट्ट, डावा पंजा कडेला, हात दांड्यावर पण कोपर सैल, मान किंचित आत. शरीराने आपलं आपण सगळं जमवलं. पलीकडे उभी असलेली एक सोनेरी केसांची मुलगी माझ्याकडे बघून आस्थेने म्हणाली, “पहिल्यांदाच का? घाबरू नका. खाली बघू नका.”

मी तिला म्हटलं, “तुझी बॅग पुढे घे. खांब येताना दिसतो, पण बोगदा सांगून येत नाही. आणि फोटोसाठी हात सोडू नकोस.” तिने विचारलं, हे सगळं कुठे शिकलात? मी सांगितलं की आमच्या लाइनवर लोक रोज असेच ऑफिसला जातात. ती म्हणाली, “वॉव! रोज?” मग मी तिला पुढचंही सांगितलं : तिथे कोणी हौसेने दारात उभं राहत नाही, आत जागा नसते म्हणून उभं राहतं, आणि सकाळी निघालेला प्रत्येक जण संध्याकाळी घरी पोचतोच असं नाही. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने आत येऊन बसली आणि तिने आपल्या सोबत्यालाही आत ओढलं. त्या दोघांना मी सेक्रेटरींच्या शेजारी चौथी सीट मिळवून दिली. तीन माणसांच्या बाकावर चौथा कसा बसतो, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. आपल्याकडून त्यांना काहीतरी अनोळखी मिळालं. (या ‘आपल्याकडून’वरही दंड भरून झालेला आहे.)

मधल्या स्टेशनवर वडेवाले चढले. इस्सो वडे, म्हणजे डाळीच्या वड्यावर अख्ख्या कोलंब्या डोक्याशेपटीसकट चिकटवलेल्या. बांधून दिले ते शाळेच्या वहीच्या पानात. माझ्या पानावर कोणा पोराची गणितं होती आणि त्यावर लाल शाईचे तीन काट. सेक्रेटरींना कोलंबीविना नुसता वडा मिळाला, त्यांच्या पानावर सगळं बरोबर होतं. त्यांनी ते घडी घालून फाइलला ठेवलं.

समोरच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ होते. निवृत्त शिक्षक, विषय इतिहास. त्यांनी विचारलं, इंडियात कुठून? आता आम्ही नालासोपाऱ्याची माणसं पत्त्याच्या बाबतीत प्रसंग पाहून वागतो. पुण्यात ‘मुंबई’, दादरला ‘विरार साइड’, लग्नाच्या बायोडाटात ‘वसई’. परदेशात अर्थातच मुंबई. बायको तसं म्हणालीही. पण मास्तर चिवट निघाले. मुंबईत कुठे? मी म्हटलं, जवळच, सोपारा म्हणून आहे.

“सुप्पारक?” त्यांनी वडा खाली ठेवला. “विजयाचं सुप्पारक?”

मग त्यांनी मागे वळून सिंहलीत काहीतरी सांगितलं आणि तीन बाकांवरची माणसं माना उंचावून आमच्याकडे पाहू लागली. गावाचं नाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर आदर उमटतो, हा अनुभव आमच्या चौघांच्याही आयुष्यात नवीन होता. बायकोने ओढणी सारखी केली. मास्तर डोळे बारीक करून म्हणाले, “म्हणजे आमच्या राजाला हाकलून देणारे ते तुम्हीच!”

डब्यात हशा पिकला. सेक्रेटरी मात्र गंभीर झाले. हा गावाच्या अब्रूचा प्रश्न होता. घसा खाकरून, मिनिट्स लिहायच्या इंग्रजीत त्यांनी निवेदन केलं की सदर इसमाचं आणि त्याच्या सातशे साथीदारांचं वर्तन नियमांस धरून नव्हतं, तसंच त्यांनी मुक्कामापूर्वी लेखी परवानगी घेतल्याचं आढळत नाही. “बोरिवलीला उतरणारे असतील,” मी मराठीत पुस्ती जोडली. विरार गाडीत बोरिवलीला उतरणारा माणूस म्हणजे लांबच्यांची जागा अडवणारा उपरा, हे ज्याला कळतं त्यालाच यातली खोली कळेल. आम्ही चौघं हसून लोळलो, मास्तरही सौजन्य म्हणून हसले. म्हणाले, “बरं केलंत. तुम्ही ठेवून घेतलं असतं तर आमचं काय झालं असतं?”

मग त्यांनी विचारलं, आता काय आहे तिथे? मी सांगितलं की स्तूप आहे. लोक त्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं तेव्हा आत दगडी पेटी निघाली, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुलं, बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे. ते सगळं मुंबईला एशियाटिक सोसायटीत गेलं. अशोकाच्या आज्ञेचा शिलालेखही सोपाऱ्यातच सापडला, तोही संग्रहालयात गेला. आमच्याकडे जे निघतं ते सकाळच्या गाडीने मुंबईलाच जातं. बायकोने दंडासाठी हात उचलला होता, पण हे वाक्य ऐकून खाली घेतला.

“आणि पुण्ण?” मास्तर म्हणाले. “पुण्ण थेर तुमच्याच गावचा.”

पूर्ण, पालीत पुण्ण, हा सोपाऱ्याचा व्यापारी. ‘दिव्यावदाना’त त्याची मोठी कथा आहे. जहाजं घेऊन दूरदूर जायचा, चंदनाचा व्यापार करायचा. म्हणजे परदेश त्याने भरपूर पाहिलेला. एका सफरीत सोबतचे श्रावस्तीचे व्यापारी पहाटे बुद्धवचनं म्हणत होते, ती कानांवर पडली आणि हा भिक्खू झाला. मग बुद्धाला म्हणाला, मी आता सुनापरान्तात जाऊन राहतो. सुनापरान्त म्हणजे आपलाच अपरान्त, हा कोकणपट्टा, असं अभ्यासक मानतात. बुद्ध म्हणाला, तिथली माणसं फार तापट. शिव्या देतील, मग? पूर्ण म्हणाला, मी म्हणेन, भले लोक आहेत, हात नाही उचलत. हात उचलला तर? भले लोक, ढेकळं नाही मारत. ढेकळं मारली तर? काठी नाही काढली. काठी काढली तर? शस्त्र नाही काढलं. असं करत करत थेट जीव घेण्यापर्यंत प्रश्न गेले आणि पूर्णाचं उत्तर प्रत्येक वेळी तयार. बुद्ध म्हणाला, जा, तुला तिथे राहायला जमेल.

मास्तरांची ही आवडती गोष्ट असावी, बुद्धाचे प्रश्न ते आवाज बदलून विचारत होते. मला मात्र एल्ला येईपर्यंत एकच गोष्ट छळत राहिली. एवढी तोंडी परीक्षा बुद्धाने कशासाठी घेतली? पूर्ण समुद्रापलीकडे चालला होता म्हणून नाही. समुद्रापलीकडे तो कित्येकदा जाऊन आला होता, तेव्हा त्याला कोणी अडवून प्रश्न विचारले नाहीत. परीक्षा झाली ती तो आपल्या मुलखात परत निघाला तेव्हा.

याचा अर्थ मला नालासोपाऱ्यात परतल्यावर महिनाभरात कळला. परदेशात मन उघडं ठेवणं म्हणजे फार कठीण काम नसतं. परतीचं तिकीट खिशात असतं. उंबलकडाचा वास आठवडाभर घ्यायचा असतो, आयुष्यभर नाही. झेब्रावर बस थांबली तर कौतुक, नाही थांबली तर तीही गंमत. खरी गोची आमच्या बिल्डिंगमध्ये. चार मजल्यांत कणकवली आहे, जौनपूर आहे, दरभंगा आहे, सौराष्ट्र आहे, केरळ आहे. छठला एक मजला उपाशी असतो, नवरात्रात दुसरा नाचत असतो. जगात फिरून जे बघायचं ते जिन्यात बघायला मिळतं, आणि तरी आमच्या वार्षिक सभेत निम्मा वेळ ‘बाहेरचे लोक’ या विषयावर जातो. बोलणाऱ्यांपैकी एकाचाही आजोबा नालासोपाऱ्यात जन्मलेला नसतो. माझाही नाही. आम्ही लालबागच्या चाळीतून आलो. सोपाऱ्याच्या जुन्या वाडवळांनी, ख्रिस्ती वाडीवाल्यांनी आम्हांला गाडीतून उतरताना पाहिलं तेव्हा त्यांना आमची डोकी अर्धी भादरलेलीच दिसली असणार.

परतल्यावर झालेल्या पहिल्याच कमिटी मीटिंगमध्ये विषय क्रमांक तीन होता, दुसऱ्या मजल्याची तक्रार : चौथ्या मजल्यावरचे नवे भाडेकरू गॅलरीत सुकी मासळी वाळत घालतात, वासाने जिन्यातून जाववत नाही, समज देण्यात यावी. असल्या तक्रारीवर सेक्रेटरी पूर्वी उभ्याउभ्या नोटीस काढत. मजकूर तयार असायचा, नाव तेवढं घालायचं. त्या दिवशी त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला. तक्रारदार म्हणाले, “साहेब, तुम्ही स्वतः माळकरी. तुम्हांला तरी कळायला हवं.” त्यावर चौथ्या मजल्याच्या भाडेकरूने मोबाइल पुढे केला. ग्रुपवरचा नेगोंबोचा फोटो. खाली सेक्रेटरींचेच शब्द : ‘अप्रतिम लोकजीवन’. वर हात जोडल्याच्या खुणा, तक्रारदारांच्याही.

सेक्रेटरींनी खिशातून शिक्का काढला, दोनदा फुंकर मारली आणि अर्जावर लिहिलं : ‘विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.’ ज्यांना गृहनिर्माण संस्थांचा कारभार ठाऊक आहे त्यांना सांगायला नको की तहकूब झालेला विषय पुन्हा जन्म घेत नाही. एका सेक्रेटरीचं मन याहून जास्त उघडता येत नाही, तसं करायला पोटनियमांत दुरुस्ती लागते.

मी माझ्यापुरता पूर्णाचा अभ्यास सकाळच्या गाडीत चालू ठेवला आहे. विरारहून भरून आलेली लोकल नालासोपाऱ्याला लागते आणि मी आत घुसतो. दारातल्या विरारकराने शिवी दिली, की मनात म्हणतो, भला माणूस, ढकललं नाही. ढकललं, की म्हणतो, कोपर नाही मारलं. कोपर मारलं, की म्हणतो, छत्रीचं टोक नाही लावलं. बहुतेक दिवशी भाईंदरच्या खाडीवर छत्री लागलेली असते. तिथून पुढची पूर्णाची उत्तरं मोठी थोर आहेत, पण त्याला ऑफिसात मस्टरवर सही करायची नव्हती. मी तिथे मोठ्याने “आत सरका हो!” म्हणून ओरडतो. आणि एक सांगतो, परवा एक बिचारा चुकून बोरिवलीला उतरायचं म्हणून चढला होता. डब्याने त्याच्यावर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली होती. मी त्याला दारापर्यंत वाट करून दिली. त्याने आभार मानले. डब्याने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं आहे. भले लोक, पण. खाली नाही उतरवलं.